गेट नंबर तीनचा स्टार्टर

हुकूम आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑगस्ट महिना होता. आम्ही बॅरेकसमोर व्हॉलीबॉल खेळत होतो. सुभेदार जगताप साहेब मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले, त्यांनी शिट्टी वाजवली नाही, नुसता हात वर केला. खेळ थांबला.

"फ्लड रिलीफ कॉलम. यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याची बाजू. पहाटे चार वाजता गाड्या सुटतील. राठोड, तुझा मुलूख आहे. तू पुढच्या गाडीत."

माझा मुलूख म्हणजे दारव्ह्याजवळचा तांडा. पांढरकवडा तिथून चांगलाच लांब. पण फौजेत अख्खा जिल्हा एका माणसाच्या नावावर लिहून टाकतात. तिथं वाद घालून उपयोग नसतो.

मी हवालदार होतो. ट्रेड इलेक्ट्रिशियन, नोकरी एकोणीस वर्षं. माझ्या सेक्शनमध्ये लान्सनायक सुभाष पाटोळे होता, सांगलीकडच्या जत तालुक्यातला. पाच वर्षं आम्ही एकाच डिटॅचमेंटमध्ये होतो. मी घरी फोन लावला की गोर बोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलायचो. पाटोळे शेजारच्या खाटेवरून म्हणायचा, "उस्ताद, यातलं मला एक अक्षर कळत नाही. वहिनींना तरी कळतं का?" हा त्याचा ठरलेला विनोद होता आणि दर वेळी तो स्वतःच आधी हसायचा.

पहाटे चारला आम्ही निघालो. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. मोठा जनरेटर मागच्या गाडीवर होता. एका नाल्यावर पाणी चढलं आणि ती गाडी पलीकडेच अडकली. आम्ही पुढे निघून गेलो होतो. दहा चाळीसला प्रकल्पावर पोहोचलो.

लहानसं धरण होतं. मातीची भिंत, मध्ये सिमेंटचा भाग, त्यात तीन गेटं. दोन गेटं उघडलेली होती. तिसरं बंद. पाणी भिंतीच्या माथ्यापासून अडीच फूट खाली होतं आणि तासाला चार-पाच इंच चढत होतं. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहायला लागलं की ती भिंत उभी राहत नाही, हे आमच्या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. खालच्या अंगाला दोन गावं होती आणि एक कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती. आमचा बाकीचा कॉलम, म्हणजे तुकडी, बोटी घेऊन तिकडे उतरला. लोकांना उंचावरच्या शाळेत हलवायचं काम सुरू झालं. म्हातारी माणसं होती, गुरं होती, ते काम संध्याकाळपर्यंत चालणार होतं. पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरचा फोन लागला, तो पलीकडच्या पुरात अडकला होता. तो एवढंच बोलला, "तीन नंबर चार फूट उचला. चार फूट पुरेल. वरून आणखी मोठा लोंढा येतोय, दोन वाजायच्या आत."

गेटवर बापूराव मडावी नावाचा ऑपरेटर होता. पन्नाशीचा, रोजंदारीवर. तीन रात्री झोपला नव्हता.

"साहेब, बटन दाबलं का कडकड आवाज येते अन् मोटर बंद होते. सकायपासून दाबून राह्यलो. काहून असं करते, मले समजेना."

पॅनल एका छोट्या खोलीत होतं. त्याच खोलीत मडावीची चूल होती आणि चुलीसाठी गेल्या हंगामातली पराटी रचून ठेवली होती. आमच्याकडे कापूस वेचून झाला की वाळलेल्या झाडाला पराटी म्हणतात. जळण म्हणून घरोघरी असते.

आता पॅनलबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मोठ्या मोटरीला लागणारा करंट हातातल्या बटनातून जात नाही. बटन वितळून जाईल. म्हणून मध्ये एक रिले बसवतात. मोठ्या रिलेला कॉन्टॅक्टर म्हणतात, तत्त्व एकच. आत तारेचं वेटोळं असतं, म्हणजे कॉइल. बटन दाबलं की कॉइलमध्ये बारीकसा करंट जातो, तिचं लोहचुंबक होतं, ते लोखंडाची पट्टी खाली ओढतं आणि पट्टीवरचे जाड पॉइंट मिटून मोटरीला तिन्ही फेज मिळतात. सेंट्रीसारखं काम आहे. सेंट्री स्वतः ट्रक ओढत नाही, पण त्याच्या मानेच्या इशाऱ्याशिवाय ट्रक गेटातून जात नाही.

बटन सोडल्यावरही कॉइलला करंट मिळत राहावा म्हणून रिलेचाच एक छोटा पॉइंट बटनाला समांतर जोडतात. लाइन गेली की कॉइल सुटते, हा पॉइंटही सुटतो. मग लाइन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. माणसानं येऊन पुन्हा बटन दाबावं लागतं. हे मुद्दाम केलेलं असतं.

आणि कॉइलच्या त्या बारीक तारेतच सगळी राखण ओवलेली असते. स्टॉपचं बटन तिथं असतं. मोटर फार तापली तर करंट तोडणारा ओव्हरलोड रिले तिथं असतो. त्या गेटवर आणखी एक होतं. वर यंत्राला हातानं फिरवायचं हँडल लावता येत होतं, आणि हँडल आत घातलं की एक छोटा स्विच कॉइलचा करंट तोडत होता. हँडलवर माणूस असताना मोटर सुरू होऊ नये, म्हणून. मी अकरा ते अकरा पंचवीस या वेळात हे सगळं तपासलं. एकही वस्तू खराब नव्हती.

खराब होती ती लाइन. मीटरवर चारशेपंधरा पाहिजे, तिथं तीनशेतीस होते. बटन दाबून मोटर उठायला लागली की अडीचशेच्याही खाली जायचे. कॉइलमध्ये तेवढा जोर राहत नव्हता. ती पट्टी ओढायची, सोडायची, ओढायची. म्हणून कडकड.

अकरा पन्नासला खाली उतरलेल्या कॉलमकडून वायरलेसवर विचारणा झाली. आमचा सेट वन, त्यांचा टू; उत्तर सुभेदार साहेबांनी दिलं.

"टू फॉर वन. गेटची पोझिशन? ओव्हर."

"वन फॉर टू. गेट बंद. काम चालू आहे. ओव्हर."

"जनरेटर येत नाही. आऊट."

पाणी माथ्यापासून दोन फुटांवर आलं होतं.

मी हातानं कॉन्टॅक्टरची पट्टी दाबून पाहिली. मोटर उठली. हात काढला की बसली. चालू मोटरीवर व्होल्टेज जेमतेम दोनशेऐंशी होतं, कॉइल धरेना. पट्टी दाबून ठेवायची तर माझा एक हात अडकणार, आणि करंट, मोटर, गेट तिन्हीकडे लक्ष ठेवायचं होतं.

मडावी म्हणाला, "पराटीची काडी टोचा ना साहेब. आमच्या वावरात सारे असंच करतेत."

मला हे नवीन नव्हतं. आमच्या तांड्यावरच्या प्रत्येक विहिरीवर मी ते लहानपणापासून पाहिलं आहे. लाइन कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर सुरू करणाऱ्या या पेटीत, काडी खोचून पट्टी कायमची दाबून ठेवायची. लाइन आली की मोटर आपली आपण सुरू. माणूस घरी झोपलेला का असेना. बटन दाबायला कोण जातो वावरात? माझ्या बापानं ते केलं, मी केलं. फौजेत सहा महिन्यांचा ट्रेड कोर्स करून, परीक्षेत पहिला येऊनसुद्धा ती काडी माझ्या हातातून गेली नव्हती.

काडी खोचली की कॉइल असून नसल्यासारखी होते. म्हणजे स्टॉपचं बटन गेलं, ओव्हरलोड गेला, हँडलचा स्विच गेला. मोटर बंद करायला एकच गोष्ट उरते, खोलीच्या भिंतीवरचा मेन स्विच. हे मला माहीत होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी मी काडी खोचली आणि मेन स्विचवर डावा हात ठेवून उभा राहिलो.

वर गेटच्या प्लॅटफॉर्मवरून सुभेदार साहेबांनी ओरडून विचारलं, "राठोड, काय केलंस?"

"चालू झाली, साहेब."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मिनिटाला दोन इंच गेट वर येत होतं. पाटोळे वर उभा राहून मोजत होता आणि दर दोन इंचाला ओरडत होता. "दहा इंच उस्ताद!" "सोळा!" "चोवीस, फक्कड चाललंय!" मोटरीचा वास यायला लागला होता. मी मनात हिशेब करत होतो, अजून दहा मिनिटं टिकली तर काम होईल. बारा वीसला तो "तीस!" म्हणाला आणि खोलीतला दिवा गेला.

मोटर थांबली. सगळं शांत झालं, फक्त पाण्याचा आवाज.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला आजही कुणी उठवून विचारलं तरी सांगता येईल. मेन खाली ओढायचा, काडी काढायची, फ्यूज खिशात घालायचे. या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं. मी मेनवरचा हात काढला आणि बाहेर आलो. लाइन गेली म्हणजे बंद झालं, हे माझ्या अंगातच होतं. आमच्याकडे लाइन गेल्यावर मेन कुणीच ओढत नाही.

"हँडल लावा," साहेबांनी हुकूम दिला. "दोघं दोघं. दहा मिनिटांनी बदली. राठोड, तू गेजवर जा. दर पाच मिनिटांनी रिपोर्ट."

गेज म्हणजे पाणी मोजायची पट्टी. पॅनलच्या खोलीपासून साठ-सत्तर पावलं, भिंतीच्या कडेनं. मी थ्री नंबरचा वायरलेस सेट घेऊन गेलो. जाताना पाटोळे हँडल आत बसवताना दिसला. शर्ट काढून त्यानं रेलिंगला बांधला होता.

बारा तीसला सेटवर साहेबांचा आवाज आला. "वन फॉर थ्री. पॅनलचं काय? ओव्हर."

"थ्री फॉर वन. लाइन नाही, साहेब. ओव्हर."

"मेन ऑफ" असं मी म्हटलं नाही, "लाइन नाही" म्हटलं. साहेबांना वाटलं असेल की हवालदार इलेक्ट्रिशियन आहे, त्यानं त्याचं काम केलं असणार. माझ्या जागी मी कुणावरही असाच विश्वास ठेवला असता.

बारा पस्तीसला मी रिपोर्ट दिला. पाणी चढणं मंदावलं होतं. बारा चाळीसला पुन्हा दिला. हँडलनं गेट फार हळू उचललं जातं. दोन माणसं जीव खाऊन फिरवतात तेव्हा पाच-सहा मिनिटांत एक इंच वर येतं. पाटोळेनं बदली घेतली नाही. त्याच्या जोडीचा जवान दमून बाजूला बसला तेव्हा तो एकटाच फिरवत होता. पावणेएकला सेटवर त्याचा आवाज आला. साहेबांच्या हातातला सेट घेऊन बोलला असावा.

"उस्ताद, चार इंच झालं. चौतीस. अजून चौदा. ओव्हर."

"शाब्बास. बदली घे. ओव्हर."

"हा एक इंच झाला की घेतो."

बारा सत्तेचाळीसला मला मोटरीचा आवाज ऐकू आला.

तो आवाज काय आहे ते कळायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही. लाइन आली होती. काडी जागेवर होती. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. धावलो. साठ-सत्तर पावलं. चिखलात दोनदा पडलो.

वरून साहेबांचा आवाज आला, "पाटोळे पडला! हँडल लागलं!"

मोटर सुरू झाली तेव्हा लोखंडी हँडल त्याच्या हातातून सुटून छातीवर बसलं होतं आणि मग निखळून लांब पडलं होतं. मी खोलीत शिरलो, मेनवर हात टाकला.

"राठोड!" साहेब ओरडले. "थांब. तो मशीनपासून बाजूला आहे. हँडल निघालंय. गेट वर जातंय. बंद करू नको."

"साहेब..."

"बंद करू नको. हुकूम आहे."

मी मेनवर हात ठेवून उभा राहिलो. चौदा इंच, मिनिटाला दोन. सात मिनिटं. वर नर्सिंग असिस्टंट पाटोळेजवळ पोहोचला होता, त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. इंच मोजायला आता कुणी ओरडत नव्हतं. मडावी दारात उभा राहून गेटावरच्या रंगाच्या खुणा वाचत होता आणि मला बोटांनी दाखवत होता. माझ्या समोर ती पराटीची काडी होती. मला वर जायचं होतं. मी गेलो नाही. एकोणीस वर्षांत एवढा मोठा वेळ मी कुठल्याही ड्युटीवर काढला नाही.

बारा चोपन्नला मडावी म्हणाला, "झालं साहेब. चार फूट."

मी मेन ओढला. काडी काढून खिशात घातली आणि वर गेलो. पाटोळे डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याच्या तोंडाला रक्त होतं. मी नाव घेतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं की नाही, मला खात्रीनं सांगता येत नाही. एक वाजून पाच मिनिटांनी नर्सिंग असिस्टंटनं नाडी बघायला धरलेला त्याचा हात खाली ठेवला.

तीन वाजल्यापासून पाणी उतरायला लागलं. भिंत राहिली. दोन्ही गावं आणि पोड राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिथंच तंबूत चौकशी सुरू झाली. चौकशीला आलेल्या मेजर साहेबांनी पॅनल पाहिलं होतं. कॉन्टॅक्टरवर काडीची खूण होती, चुलीजवळ पराटीचा ढीग होता. त्यांनी मडावीला समोर उभं केलं.

"काडी किसने लगाई?"

त्यांनी पुन्हा विचारलं. मडावीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो रोजंदारीवरचा माणूस. खोली त्याची, पराटी त्याची, आणि गावाकडच्या ऑपरेटरनं काडी लावली यावर कुणाचाही सहज विश्वास बसला असता. तंबूतल्या सगळ्यांचा बसलाच होता. लिहिणारा क्लार्क पेन घेऊन वाट बघत होता.

खरं सांगतो. आदल्या दुपारपासून मी कुणाला काही बोललो नव्हतो. माझी पोरगी बारावीला होती, नायब सुभेदारीची माझी फाइल वर गेली होती, आणि काडी माझ्या खिशात होती. फेकून दिली असती तर कुणाला कळलं नसतं. मला स्वतःची किळस आली होती, पण तोंड उघडत नव्हतं.

मडावी शेवटी म्हणाला, "लिवा साहेब माह्यंच नाव. मले काय फरक पडते."

मग मी उभा राहिलो. काडी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "सर, मैंने लगाई. लाइन गयी तब मेन भी मैंने ऑफ नहीं किया."

सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोकरीच्या कागदावर कडक ठपका मिळाला. नायब सुभेदारी गेली. हवालदार म्हणूनच पेन्शनवर आलो. यात माझी तक्रार नाही. झालं ते कमीच झालं असं मला वाटतं. बाहेर आल्यावर मडावी एवढंच म्हणाला, "चहा घेता का साहेब?" आणि चूल पेटवायला गेला.

आता दारव्ह्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लोक स्टार्टर घेऊन येतात. "काका, रिले काढून टाका, डायरेक्ट करून द्या, लय ट्रिप मारते." मी त्यांच्यावर ओरडतो. काही जण दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

पाटोळेच्या घरी मी चौकशी संपल्यावर महिन्यानं गेलो. फौजेनं घरी कळवलं होतं, ड्युटीवर अपघात. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. जतच्या बाजूला माळावर घर आहे. वडील अंगणात बसले होते, आई दारात. मी त्यांना सगळं सांगितलं. काडी, मेन, "लाइन नाही" म्हटलं ते, आणि सात मिनिटं मी वर गेलो नाही तेसुद्धा. मला वाटलं होतं की ते मला हाकलतील. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

वडिलांनी विचारलं, "गेट उघडलं का पुरं?"

"उघडलं. चार फूट."

"त्यातलं आमच्या सुभाषच्या हातानं किती?"

"चार इंच, बाबा."

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट ताणलं, पुन्हा थोडं जवळ आणलं, अंदाज घेतला. मग तसाच हात धरून ते उठले आणि दारात उभ्या असलेल्या पाटोळेच्या आईपाशी गेले.

"हे बघ," ते म्हणाले. "एवढं."

तिनं दोन्ही हातांनी त्यांचा तो हात धरला आणि बोटांमधलं अंतर कमी होऊ दिलं नाही.